हुसपंथीयांचा खरा पेच: पाद्र्याला पाद्री कोण करणार?

पडवीवरून (धागाकर्ता)

यान हुस या चर्चवर टीका करणाऱ्या चेक धर्मोपदेशकाचा विषय मराठीत निघाला की बोलणं हमखास हुसपंथीयांचा सेनापती झिश्का याच्या लढायांवर जातं आणि तिथेच संपतं. ६ जुलै १४१५ ला कोन्स्टान्सला हुसला जिवंत जाळलं, बोहेमिया (आजचा चेक प्रदेश) पेटला आणि एकामागून एक आलेली पाच धर्मयुद्धं तिथल्या लोकांनी गाड्यांचे कोट उभारून परतवली. दमदार कथा आहे, वाद नाही. पण या धाग्यात लढाया नकोत. मला कुतूहल आहे ते त्यांच्या घरातल्या भांडणांचं. सगळ्या युरोपाला पुरून उरलेल्या या मंडळींनी पहिल्या काही वर्षांतच एकमेकांना जाळलं, मुंडकी उडवली, आणि प्रत्येक वेळी देवाच्या नियमाचा हवाला देऊन.

भांडणं कशावरून? यादी वरवर विचित्र वाटते. भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं की नुसती खूण म्हणून? मिस्सा (भाकरी आणि द्राक्षारसाचा चर्चमधला विधी) करताना पाद्र्याने जरीचा झगा घालायचा की रोजचे कपडे? तान्ह्या पोरांना द्राक्षारस द्यायचा की नाही? माझं मत असं, आणि त्यावर भांडायला तयार आहे, की या सगळ्याच्या तळाशी प्रश्न एकच होता. पाद्र्याला पाद्री कोण करणार?

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्या काळी मिस्सेत लोकांना फक्त भाकरी मिळायची, चषक एकट्या पाद्र्याचा. १४१४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर प्राग विद्यापीठातल्या स्त्रीब्रोच्या याकोउबेकने सामान्य माणसांच्या ओठांना चषक लावायला सुरुवात केली. म्हणजे जे पुढे हुसपंथाचं निशाण झालं, ते हुसने सुरू केलेलंच नव्हे. त्याने जून १४१५ मध्ये तुरुंगातून एवढंच केलं, की बेथलेहेम चॅपेलमध्ये त्याच्या जागी प्रवचनं करणाऱ्या हाव्हलिकला लिहिलं, चषकाला विरोध करू नकोस. त्याच महिन्याच्या १५ तारखेला कोन्स्टान्सच्या धर्मसभेने चषकावर बंदी घातली.

आता अडचण बघा. चषक देणारा पाद्री हवा, आणि पाद्र्याला दीक्षा बिशपच देऊ शकतो. बिशप म्हणतो, चषकवाल्यांना दीक्षा नाही. आहेत ते पाद्री म्हातारे होऊन मरतील आणि चळवळ आपसूक विझेल. त्यासाठी सैन्य धाडायची गरजच नाही! यावरचा पहिला तोडगा खास सरदारी थाटाचा होता. १४१७ मध्ये व्हार्टेनबेर्कचा चेनेक या सरदाराने हेरमान नावाच्या साहाय्यक बिशपला लिप्नित्सेच्या किल्ल्यावर नेलं आणि हुसपंथी उमेदवारांना दीक्षा द्यायला लावली. (याच हेरमानला १४२० मध्ये ताबोरवाल्यांनी, म्हणजे हुसपंथातल्या जहाल गटाने, पाण्यात बुडवून मारलं. उपकारांची फेड.)

दुसरा तोडगा ताबोरचा. सप्टेंबर १४२० मध्ये तिथल्या पाद्र्यांनी आपल्यातल्याच पेल्ह्रिमोव्हच्या मिकुलाशला बिशप म्हणून निवडलं. त्याच्या डोक्यावर कुठल्याही बिशपने हात ठेवलेला नव्हता. प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा तिथे तुटली आणि ताबोरला त्याचं काडीचं दुःख झालं नाही. प्रागच्या पंडितांना मात्र धक्का बसला. मिकुलाशने ज्याला दीक्षा दिली त्याने मिस्सा केली, तर त्यांच्या लेखी ती मिस्साच नव्हे, चषकात साधा द्राक्षारस. म्हणजे प्रागच्या हिशेबाने ताबोरचे पाद्री लोकांना फसवत होते आणि ताबोरच्या हिशेबाने प्रागवाले अजून रोमचाच उंबरा पूजत होते.

एका छावणीत खांद्याला खांदा लावून लढणाऱ्या माणसांमधली ही दरी आहे. बोला आता.

तिरकस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण ताबोर म्हणजे तेच ना, सगळी संपत्ती सामायिक, राजा नको, जमीनदार नको? मग बिशप तरी कशाला हवा होता त्यांना? आणि जगबुडीची तारीखही काढली होती म्हणे.

पडवीवरून

@तिरकस, तारीख काढली होती. फेब्रुवारी १४२०. जगाचा नाश होणार आणि फक्त पाच गावं वाचणार: प्लझेन, झातेत्स, लोउनी, स्लानी, क्लातोव्ही. लोक घरदार विकून निघाले. चौकात मोठाल्या काहिली ठेवल्या होत्या, पैसाअडका त्यात टाकायचा आणि ज्याला लागेल त्याला त्यातून द्यायचं. फेब्रुवारी आला तसा गेला. त्यानंतर जुन्या टेकडीवरच्या ओसाड गढीवर ताबोर वसलं, आणि त्याच वर्षीच्या सुगीनंतर ताबोरने आसपासच्या कुळांकडून सारावसुलीही सुरू केली. जमीनदार नकोवाले सात-आठ महिन्यांत जमीनदार झाले.

बिशप का हवा होता, याचं उत्तर यातच आहे. ख्रिस्त उद्या येणार असेल तर कुणाचीच गरज नाही. तो येत नाही म्हटल्यावर गाव चालवायचं, पोरांचे बाप्तिस्मे करायचे, आणि रोज नवा प्रेषित उठून काहीतरी नवीन सांगतोय त्याला आवरायचं. मिकुलाशची निवड नेमकी या वळणावरची आहे.

बावखल

मी वसईची, कॅथलिक. धागा आवडला, पण ‘रोमचा उंबरा’ वगैरे वाचून जरा हसू आलं. पडवीदादा, प्रागवाल्यांना तुम्ही उगाच भित्रे ठरवताय. चर्चची शिकवण अशी, की भाकरीच्या एका कणातही ख्रिस्त संपूर्ण असतो, त्यामुळे चषक न मिळाल्याने भाविकाचं काही कमी होत नाही. याकोउबेकचा मुद्दा वेगळा होता: ख्रिस्ताने ‘तुम्ही सर्व यातून प्या’ असं सांगितलं, ती आज्ञा आहे आणि तारणासाठी ती पाळलीच पाहिजे. म्हणूनच तो पुढे तान्ह्या मुलांनाही प्रभुभोजन देऊ लागला. आता असा माणूस बिशपशिवाय चालवून घेईल का? चषकात खरोखर ख्रिस्ताचं रक्त आहे असं मानता म्हणूनच तो सगळ्यांना हवा असतो ना? आणि ते रक्त व्हायला खरा दीक्षित पाद्री लागतो. याकोउबेक जितका चषकाचा कट्टर, तितकाच दीक्षेचा कट्टर. यात विसंगती नाही.

अवांतर: दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर आमच्याकडेही काही प्रसंगी भाविकांना दोन्ही मिळतं. हुसच्या नावाने कुणी बोटं मोडत नाही.

पडवीवरून

बावखलताई, ‘जितका चषकाचा कट्टर, तितकाच दीक्षेचा’ हे मला सुचायला हवं होतं. अगदी नेमकं. आणि याच्या उलट टोकाला मार्टिन हुस्का. तो ताबोरचाच पाद्री, बोलण्यात पटाईत. त्याचं म्हणणं, भाकरी ती भाकरी. ख्रिस्त स्वर्गात आहे, वेदीवर नाही. असं मानलं की पाद्र्याला विशेष अधिकार लागतच नाही, जेवण वाढायला कोणीही चालतो. चारेकशे लोक त्याच्या मागे गेले. त्यांना पिकार्ट म्हणत.

इथे काय झालं ते नीट बघा. नवा निवडलेला बिशप मिकुलाश, ज्याला प्राग बिशपच मानत नव्हतं, त्यानेच प्रागच्या पंडितांना कळवलं की आमच्यात हे पाखंड पसरलंय. पिकार्टांना ताबोरबाहेर काढलं. एप्रिल १४२१ मध्ये झिश्काने त्यातल्या पन्नासेकांना क्लोकोतीला जाळलं. हुस्का आणि त्याचा साथीदार एकाक्ष प्रोकोप राउद्नित्सेला आर्चबिशपच्या कैदेत होते. झिश्काची इच्छा होती की त्यांना प्रागच्या चौकात जाळावं. प्रागच्या सभासदांनी ते टाळलं, कारण शहरात हुस्काला मानणारे बरेच होते आणि दंगलीची भीती होती. त्यांनी जल्लाद राउद्नित्सेला पाठवला. आधी छळ करून साथीदारांची नावं वदवण्याचा प्रयत्न झाला. शेवटी लोकांना तुमच्यासाठी प्रार्थना करायला सांगा असं म्हटल्यावर दोघांनी नकार दिला. २१ ऑगस्ट १४२१ ला त्यांना पिंपात घालून जाळलं.

हुसला जाळून सहा वर्षं झाली होती.

तिरकस

वाचून पॉपकॉर्न बाजूला ठेवलं.

थांबा, पण ‘आर्चबिशपच्या कैदेत’? हुसपंथीयांकडे आर्चबिशप होता तर? मग तुमचा अख्खा पेचच निकालात निघतो.

पडवीवरून

होता, आणि ते प्रकरण मजेशीर आहे. प्रागचा आर्चबिशप वेख्टाचा कोनराड. जर्मन माणूस, धर्मशास्त्रापेक्षा पैशांच्या हिशेबात जास्त रमणारा. त्याने एप्रिल १४२१ मध्ये प्रागचे चार कलमी ठराव मान्य केले: प्रवचनाचं स्वातंत्र्य, सर्वांना चषक, पाद्र्यांकडे ऐहिक सत्ता-संपत्ती नको, आणि उघड पापांना शिक्षा, मग पापी कुणीही असो. प्रागला वाटलं, आता दीक्षेचा प्रश्न सुटला. पण रोमने त्याला काढून टाकलं, आणि १४३१ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या जागी कुणी नव्हतं. हुसपंथीयांच्या इतिहासातला हा एकुलता एक खरा आर्चबिशप, आणि त्याला कुणी मनापासून मानत नव्हतं. ताबोरने तर कधीच नाही.

कट्टर_वाचक

चांगला धागा, पण मूळ मांडणीशी असहमत. दीक्षा हा दुय्यम मुद्दा. खरा प्रश्न निकष कोणता हा होता, आणि त्याला हुसपंथीयांनी सुरेख उत्तर दिलं होतं. मे १४३२ मध्ये खेबला बाझेलच्या धर्मसभेच्या प्रतिनिधींबरोबर करार झाला. वादाचा न्यायाधीश कोण असेल? देवाचा नियम, ख्रिस्ताचं, प्रेषितांचं आणि आद्य चर्चचं आचरण, आणि त्यावर खरोखर आधारलेल्या धर्मसभा व आचार्य. पोप नाही, बहुमत नाही. पाखंडी ठरवलेल्या लोकांशी चर्चने बरोबरीने बसून वाद घालायचं कबूल केलं! १४३३ च्या जानेवारीत ते बाझेलला गेले. प्रागच्या चषकवाल्यांचा पुढारी रोकित्साना याने चषकाची बाजू मांडली, मिकुलाशने पापांच्या शिक्षेची, झ्नोइमोच्या ओल्दृझिखने प्रवचनाच्या स्वातंत्र्याची आणि ऑक्सफर्डहून आलेल्या पीटर पेनने पाद्र्यांच्या संपत्तीविरुद्ध. समोर धर्मसभेच्या बाजूने रागुसाचा जॉन, एकट्या चषकावर त्याचं भाषण आठवडाभर चाललं. तुमच्या धाग्यात प्राग आणि ताबोर कायम एकमेकांच्या नरड्यावर दिसतात. इथे ते एका बाकावर होते.

पडवीवरून

बाझेलला एका बाकावर होते हे खरं, आणि खेबचा करार मलाही थोर वाटतो. पण तो निकष घरी चालला का? प्रागचा पंडित प्रशिब्राम आणि पेन घ्या. दोघेही चषकवाले. प्रशिब्राम म्हणे विक्लिफ (हुसआधीचा इंग्रज सुधारक) पाखंडी, पेन म्हणे विक्लिफ आपला गुरू. दोघांकडे तेच बायबल, तेच आद्य आचार्य. कित्येक वर्षं वाद चालला, मध्यस्थ नेमले, पण फैसला कधी झालाच नाही.

आणि शेवटी निकाल कुणी दिला? आधी ३० मे १४३४ ला लिपानीच्या मैदानाने. तिथे प्रागवाले आणि चषकवाले सरदार कॅथलिकांच्या बाजूने ताबोरविरुद्ध उभे राहिले. प्रोकोप होली पडला, जो सेनापती आणि पाद्री दोन्ही होता. मग १४४३ मध्ये कुत्ना होराला दोन्हीकडच्या पाद्र्यांचा वाद ठेवला आणि पुढच्या जानेवारीत प्रागच्या राज्यसभेने ठरवलं की रोकित्सानाचं मत बरोबर, ताबोरचं चूक. सरदार आणि नगरप्रतिनिधी भाकरीतल्या ख्रिस्तावर निर्णय देतायत! १४५२ मध्ये चषकवाल्यांचा नेता पोद्येब्राडीचा यिरी फौज घेऊन ताबोरच्या वेशीवर आला तेव्हा ताबोरने दारं उघडली. मिकुलाश कैदेत गेला तो बाहेर आलाच नाही. बत्तीस वर्षं बिशप राहिलेला माणूस.

कट्टर_वाचक

म्हणजे निकष फसला असं म्हणा. दीक्षेचा प्रश्न मुख्य होता हे त्यातून सिद्ध होत नाही. माझा आक्षेप कायम.

ब्रनोवासी

उशिरा आलो. दोघांच्या वादात रोकित्साना राहून गेला, आणि माझ्या मते निम्मं उत्तर त्याच्यात आहे.

ऑक्टोबर १४३५ मध्ये राज्यसभेने यान रोकित्सानाला प्रागचा आर्चबिशप निवडलं. सम्राट सिगिस्मुंडने तोंडभरून आश्वासनं दिली. १४३६ मध्ये यिह्लावाला बाझेलच्या धर्मसभेशी झालेला करार जाहीर झाला, चषकाला परवानगी मिळाली. फक्त रोमने रोकित्सानाला मान्यता द्यायची राहिली होती. ती कधीच मिळाली नाही. वर्षभरात त्याला प्राग सोडून पळावं लागलं, १४४८ मध्ये यिरीने प्राग घेतल्यावर परतला. प्रागच्या टीन चर्चमध्ये प्रवचनं करत, पाद्र्यांची बैठक चालवत, सगळ्या चषकवाल्यांचा प्रमुख म्हणून तो १४७१ पर्यंत जगला. या पस्तीस वर्षांत त्याने स्वतः एकाही माणसाला दीक्षा दिली नाही. देऊ शकला असता; सत्ता त्याच्या मित्राच्या, यिरीच्या, हातात होती आणि अडवणारं कुणी नव्हतं. पण त्याच्या डोक्यावर बिशपचा हात पडला नव्हता. ताबोरने जे १४२० मध्ये एका दुपारी केलं ते त्याने मरेपर्यंत केलं नाही.

या लोकांनी काय काय खटपटी केल्या बघा. १४५१-५२ मध्ये थेट कॉन्स्टँटिनोपलशी पत्रव्यवहार केला. पूर्वेच्या चर्चमध्ये लोकांना चषक मिळतोच, तेव्हा तिथून बिशप मिळेल ही आशा. तिकडून अनुकूल पत्रही आलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात कॉन्स्टँटिनोपल तुर्कांनी घेतलं. नशीब म्हणतात ते हेच.

तिरकस

पुन्हा पॉपकॉर्न हातात घेतलं. आपल्याकडे मठाची गादी रिकामी पडली की दोन दावेदार तरी उभे राहतात. इथे एकच दावेदार, गादीवर बसलेला, आणि तोच म्हणतोय की मी अजून बसलेलो नाही.

खडूफळा

डी.एड.ला असताना कोमेनियस हे नाव पाठ केलं होतं, ‘चित्रांतून भाषा शिकवणारा’ वगैरे. तो या परंपरेतल्या बंधुसंघाचा बिशप होता हे पुस्तकात कुणी सांगितलं नव्हतं. त्या संघाबद्दल थोडं वाचलंय, ते इथे चपखल बसतं.

खेल्चित्स्की नावाचा दक्षिण बोहेमियातला एक विचारवंत होता. त्याने प्राग आणि ताबोर दोघांनाही झोडपलं. ख्रिस्ती माणसाने धर्मासाठी तलवार उचलायचीच नाही, हे त्याचं म्हणणं. यावर त्याने याकोउबेकला तोंडावर जाब विचारला होता. त्याचे विचार मानणाऱ्या काहींनी १४५७-५८ च्या सुमारास कुन्वाल्ड या खेड्यात वेगळा संघ सुरू केला. म्होरक्या रझेहोरझ, आणि तो कोण? रोकित्सानाचा भाचा!

१४६७ मध्ये ल्होत्का गावी त्यांनी स्वतःचे पाद्री निवडले, तेही चिठ्ठ्या टाकून. नऊ उमेदवार, बारा चिठ्ठ्या. नऊ कोऱ्या, तिघांवर ‘आहे’ एवढाच शब्द. एका मुलाच्या हातून प्रत्येकाला एकेक दिली. सगळ्या कोऱ्या निघाल्या असत्या तर देवाची इच्छा नाही असं समजून थांबायचं, असं आधीच ठरलं होतं. तिन्ही ‘आहे’ नऊ जणांतच निघाल्या. पहिला होता कुन्वाल्डचा मातेय, विशीतला पोरगा.

पडवीवरून

खडूफळा, ही चिठ्ठ्यांची गोष्ट म्हणजे या धाग्याचा जीव आहे. कट्टर_वाचक, ऐका. देवाने चिठ्ठीतून थेट कौल दिला असं मानणाऱ्या या लोकांनीही त्यानंतर काय केलं? एका माणसाला ऑस्ट्रियातल्या वाल्डेन्सियन या रोमपासून फार पूर्वी फुटलेल्या पंथाच्या वयोवृद्ध बिशपकडे पाठवलं, कारण त्या पंथात जुनी परंपरा टिकून आहे असा समज होता. तिथून हात डोक्यावर ठेवून घेतला आणि मग मातेयला दीक्षा दिली. चिठ्ठी पुरली नाही.

बावखल

भाचा चिठ्ठ्या टाकतोय आणि मामा पोपच्या पत्राची वाट बघतोय. काय घर असेल ते!

कट्टर_वाचक

वाल्डेन्सियनांचं माहीत होतं, पण या अंगाने पाहिलं नव्हतं. बरं, ताबोर आणि बंधुसंघाचं कळलं. पण रोकित्साना गेल्यावर सामान्य चषकवाल्या गावांना पाद्री मिळायचे कुठून? शंभर वर्षं तर ते चर्च पुढे टिकलं.

ब्रनोवासी

इटलीतून. होतकरू तरुण आल्प्स ओलांडून जायचे, तिथल्या एखाद्या बिशपपुढे चषकाबद्दल मौन बाळगायचे, दीक्षा घ्यायचे आणि परत आल्यावर चषक द्यायला लागायचे. बऱ्याचदा पैसे मोजून. १४८२ मध्ये तर सांतोरिनीचा बिशप आगुस्तिन लुचियान रोमची पर्वा न करता स्वतःच बोहेमियात येऊन राहिला आणि धडाधड दीक्षा देत सुटला. १४९३ मध्ये वारला, टीन चर्चमध्येच त्याला पुरलं. त्याच्या थडग्यावरचं दगडी छत मातेय रेय्सेकने घडवलं, इतकं नाजूक कोरलंय की दगड वाटत नाही. रोकित्सानालाही त्याच चर्चमध्ये पुरलं होतं. १५०४ मध्ये फिलिप्पो व्हिलानुओव्हा नावाचा आणखी एक इटालियन आला, तो १५०७ मध्ये गेला, मग पुन्हा तरुणांची आल्प्सची वाट.

प्रागला पुन्हा आर्चबिशप आला तो १५६१ मध्ये, अन्तोनिन ब्रुस, आणि तो कॅथलिक होता. तोवर कोनराडने बाजू बदलल्याला एकशे चाळीस वर्षं झाली होती. १५६४ मध्ये पोपने बोहेमियात चषकाला परवानगी दिली आणि मग याच कॅथलिक आर्चबिशपने चषकवाल्यांच्या उमेदवारांना दीक्षा दिल्या.

तिरकस

म्हणजे शेवटी रोमकडूनच. वाचनखूण साठवली.